समरकंदला बसवलेली पंगत

साल दोन हजार पंचवीस. माझं वय चौऱ्याहत्तर. शाळा चौथीपर्यंत, आणि पासपोर्ट म्हणजे काय ते तोवर लांबूनच पाहिलेलं. त्या साली भाद्रपद सरता सरता मी उझबेकिस्तान नावाच्या देशात जाऊन आलो आणि तिथल्या दीडशे माणसांना जमिनीवर ओळीनं बसवून येसर आमटी खाऊ घालून आलो. करमाडातल्या निम्म्या लोकांना हे अजून खरं वाटत नाही. जे गेले नाहीत त्यांच्यासाठी लिहितोय. मी जाणार नाही असं जे म्हणत होते, त्यांच्यासाठी जरा जास्तच लिहितोय.

करमाड

मी आचारी. कचरूतात्या म्हटलं की करमाड ते शेंद्रा कुणीही घर दाखवील. जन्मभर लग्नं, बारशी, भंडारे केले. जमिनीत लांब चर खणायचा, त्यात लाकडं पेटवायची, वर पातेली चढवायची. ज्वारी, गहू, डाळ, धने, खोबरं असं सगळं खमंग भाजून दळलं की येसर होतो. फोडणीच्या उकळत्या पाण्यात तो सोडला की आमटी. वास वेशीपर्यंत जातो.

पण नुसतं रांधणं म्हणजे माझा धंदा नव्हे. माझा धंदा पंगत. सगळ्यांच्या ताटात वाढून होईस्तोवर कुणी घास घ्यायचा नाही आणि शेवटच्याचं जेवण होईस्तोवर कुणी उठायचं नाही. सरपंच असो की सालगडी, कायदा एकच.

मग जालना रोडला कंपन्या आल्या आणि कंपन्यांच्या मागं लॉन्स आले. हिरवं गवत, पांढरे तंबू आणि बुफे. माणसं ताट घेऊन लायनीत उभी, खातातही उभ्यानंच. त्यातलं सगळ्यात मोठं लॉन रंगनाथचं. रंगनाथ माझा लंगोटीयार. लहानपणी एकाच विहिरीत उड्या मारल्या. पण त्यानं स्वतःच्या नातवाच्या लग्नात मला बोलावलं ते पाहुणा म्हणून. ताट हातात घेऊन लायनीत उभं राहायला.

मी त्याला तिथंच म्हणालो, "रंग्या, तुझ्या घरच्या लग्नात मी उभ्यानं जेवू व्हय?"

"तात्या, लोकांचे गुडघे गेले आता. पंगत कोण घालतंय?"

"गुडघे नाय गेले, सबूर गेली. शेवटच्या माणसासाठी थांबाया कुणाला नको."

मी न जेवता घरी आलो. बायकोनं भाकरी टाकली.

त्यानंतर महिन्याभरात शहरातल्या पुंडलिकनगरची मृणाल दारात आली. बँकेत नोकरी करते, आणि दहा-बारा जणांचं एक छोटं मंडळ चालवते. कधीकाळी एका लग्नात माझ्या पंगतीला बसलेली. म्हणाली, "काका, दोन देशांतल्या साध्या माणसांनी एकमेकांकडं जावं-यावं म्हणून सरकार छोटं छोटं अनुदान देतं. मोठ्या नाटक-नाचवाल्यांसाठी नाही, आमच्यासारख्या गल्लीतल्या मंडळांसाठी. आम्हाला मिळालंय. उझबेकिस्तानचा एक आचारी आणि इकडचा एक. आधी आपण जायचं, तिथं रांधून वाढायचं. लोक खरोखर सामील झाले असं आपल्या तिथल्या वकिलातीला दिसलं, तर दुसरा हप्ता सुटेल आणि तिकडचा आचारी करमाडला येईल."

"आणि नाय झाले सामील तर?"

"तर तिथंच संपलं, काका."

ही बातमी चावडीवर पोचायला वेळ लागला नाही. रंगनाथ सगळ्यांसमोर म्हणाला, "तात्या, करमाडात पंगत बसंना, तिकडं बसवणार का?"

"बसवतो. जमिनीवर. आणि शेवटचा उठेस्तोवर एक जण उठणार नाय."

"तसं झालं तर माझ्या लॉनमधी चर खण. हवा तिथं. पण नाय झालं, तर पुन्हा माझ्यापाशी पंगतीचं नाव काढायचं नाय."

मी टोपी काढून पुन्हा घातली. म्हणजे ठरलं.

समरकंद, पहिले दोन दिवस

विमानाचं काय सांगायचं. बसलो आणि उतरलो. मजा झाली ती उतरल्यावर. तिथल्या तपासणीच्या साहेबानं माझी येसरची पिशवी उघडून नाक आत घातलं आणि असा शिंकला की त्याची टोपी खाली पडली. मृणाल घाबरली. साहेबाला मात्र हसू आलं. त्यानं डोळे पुसले आणि हातानंच जा म्हणून सांगितलं. पत्रावळी मात्र आपल्याकडच्या विमानतळावरच काढून ठेवायला लावल्या होत्या.

आमच्या दिमतीला दिलनोझा नावाची तरुण बाई होती. ताश्कंदला हिंदी शिकलेली. तिची हिंदी पोथीतल्यासारखी आणि माझी शहागंजच्या बाजारातली. मी पहिलंच वाक्य बोललो, "बेटी, मेरेकू टेबल-खुर्ची नक्को, जमीन होना." तिनं कागद-पेन काढलं. म्हणाली, "बाबाजी, यह हिंदी हमारी पुस्तक में नहीं थी." पण पियाज, नान, दरवाजा, मेहमान हे शब्द तिथंही तेच. निजामाच्या मुलखात वाढलेल्या माणसाला तिथं परकं वाटत नाही.

गावातल्या मोठमोठ्या घुमटांवर निळ्या फरश्या आहेत. ऊन पडलं की डोळे मिटावे लागतात. सगळे पाहुणे वा वा करत होते. मी दिलनोझाला सांगितलं, हा निळा मी पाहिलाय, आमच्या दौलताबादच्या मिनाराला असे तुकडे अजून चिकटलेले आहेत. तिला खरं वाटेना. मृणालनं मोबाइलवर दाखवलं. मग ती जो भेटेल त्याला सांगत सुटली, की ह्या बाबाजींच्या गावातही आपला निळा आहे.

बाजारात खरबुजं आमच्या उशीएवढी. डाळिंबं मोठी, पण सांगतो, चवीला आपल्याकडचीच. गाजरं पिवळी. मिरची शोधायला मी अर्धा बाजार पालथा घातला. मिळाली ती ढोबळी. बरं झालं मी आपली सोबत नेली होती.

तिथला आचारी रुस्तम. आका म्हणजे थोरला भाऊ, म्हणून सगळे त्याला रुस्तम आका म्हणतात. साठीचा, हात माझ्या मांडीएवढे. तिथं लग्नाचा पुलाव पुरुषच करतात, आणि तो भल्यामोठ्या लोखंडी कढईत. खाली मटण, त्यावर गाजर, त्यावर तांदूळ. मला वाटलं आता हलवील. मी झारा उचलला तर त्यानं माझ्या हातावर चापट मारली. समरकंदचा पुलाव हलवत नाहीत म्हणे, थरावर थर तसाच ताटात उतरवतात. मीही त्याला माझ्या आमटीची चव दिली. डोळ्यांत पाणी, कान लाल. पण वाटी खाली ठेवली नाही. त्याच क्षणी आमची दोस्ती झाली.

दिलनोझाकरवी तो म्हणाला, "आमच्या इथं पण लग्नं आता हॉलमध्ये. खाऊन व्हायच्या आत वेटर ताट उचलतो. मला बोलावतात, पण मागच्या दारानं."

मी म्हणालो, "तुझा पण एक रंगनाथ आहे तर."

ह्याचं तिला भाषांतर करता आलं नाही, तरी तो हसला.

दोन घोट चहा

जेवण व्हायचं होतं ते एका मोहल्ल्याच्या अंगणात. मोहल्ल्याचे वडीलधारे म्हणजे पांढऱ्या दाढीचे एक आजोबा. त्यांना सगळे बोबो म्हणायचे. असतील माझ्याच वयाचे. त्यांनी घरी बोलावलं. द्राक्षांच्या मांडवाखाली गादीवर बसवलं, पुढं कापड अंथरलं, बदाम, बेदाणे, नान. आणि मग स्वतः उठून किटलीतून मला चहा ओतला. बिनदुधाचा, हिरवट. कान नसलेल्या वाटीसारखा पेला. त्यात चहा किती? दोन घोट!

मी पेल्यात पाहिलं. वाटलं, विसरले असतील. दोन घोट प्यालो. बोबो उठले, पुन्हा दोन घोट ओतले. असं चार-पाच वेळा झालं. किटली तर भरलेली दिसत होती. माझा चेहरा उतरला. करमाडात कुणाच्या दारी गेलो आणि अर्धा कप आला, तर मी दुसऱ्यांदा त्या दारी जात नाही. चहा बशीत सांडला पाहिजे, तर तो चहा.

मृणाल हळूच म्हणाली, "काका, काय झालं? विचारू का दिलनोझाला?"

"काय नाय इचारायचं. पाहुण्यानं विचारू नये." आणि मनात म्हणालो, थांबा. परवा माझ्या पंगतीत दाखवतो तुम्हाला, द्यायचं कसं असतं ते.

पंगतीचा दिवस

सकाळी अंगणात चर खणायला घेतला. तिथं विटांची बांधलेली चूल होती, रुस्तम आकानं ती दाखवली. मी नाही म्हणालो. माझी आमटी चरावरच होते. जमीन दगडासारखी. त्यानं माझ्याकडं पाहिलं, शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि दुसऱ्या टोकाकडून खणायला लागला. मधोमध भेटलो.

भाकरीचं पीठ मी इथूनच नेलं होतं. मी थापायचो, मोहल्ल्यातल्या बाया भोवती जमायच्या. त्यांची नान तंदूरच्या भिंतीला चिकटते, माझी भाकरी हवेत फिरते, हे त्यांना नवल. मी भाकरी टोपल्यात टाकायचो आणि बोबोंची बायको लगेच ती उलटी करून ठेवायची. मी पुन्हा तशी करायचो, ती पुन्हा उलटी. शेवटी दिलनोझा म्हणाली, "यहाँ रोटी को पेट के बल नहीं रखते, बाबाजी. अनादर होता है." मी म्हणालो, "आमच्या भाकरीला दोन्हीकडून तोंडच हाय." बाईला पटलं नाही. ती शेवटपर्यंत प्रत्येक भाकरी सरळ करत राहिली. मीही शेवटपर्यंत टाकत राहिलो.

वकिलातीचे साहेब आले. सभ्य माणूस. म्हणाले, "तात्या, लोकांना त्रास नको म्हणून भिंतीमागं टेबलं लावून ठेवलीत. गरज पडली तर."

"पडणार नाय," मी म्हणालो.

त्यांचे लोकही जमिनीवर बसतात, पण घरात, कापडाभोवती गोल, आणि चौघं मिळून एका ताटात. ओळीनं, आपापल्या ताटावर, दीडशे जण, हे त्यांना नवीन. चटया अंथरल्या. पत्रावळींच्या जागी त्यांची निळी-पांढरी ताटं मांडली. आपण पंगत बसायच्या आधी प्रत्येकापुढं पाण्याचा तांब्या-भांडं भरून ठेवतो. तिथं जेवताना चहाच पितात. म्हणून मी हाताखालच्या सगळ्यांना बजावलं, प्रत्येक ताटाशेजारी पेला ठेवायचा आणि काठोकाठ भरायचा. एक थेंब कमी नको. रुस्तम आका काहीतरी बोलायला आला; मी त्याला पातेल्याकडं पाठवून दिलं. दिलनोझा तेव्हा बाहेर पाहुण्यांच्या स्वागतात होती.

फाटक उघडलं. माणसं आत आली. म्हातारे, बाया, पोरं, सगळे नटून. पुढं बोबो. पहिल्या ओळीपाशी आले, भरलेल्या पेल्यांची ती रांग पाहिली आणि थांबले. छातीवर हात ठेवला, मान लववली, पण बसले नाहीत. ते बसले नाहीत म्हणून कुणीच बसलं नाही. दीडशे माणसं उभी. चरावर आमटी रटरटत होती.

मी हात जोडून म्हणालो, "बैठो, बैठो!" बोबो गोड हसले. आणि उभेच राहिले.

साहेबांनी मृणालकडं पाहिलं, मग भिंतीकडं. भिंतीमागून टेबलाचे पाय दगडावर घासल्याचा आवाज आला. माझ्या डोळ्यांपुढं समरकंद नव्हतं, रंगनाथ होता, लॉनच्या फाटकात, दोन्ही हात कमरेवर ठेवून.

दिलनोझा धावत आली. पेले पाहिले आणि तिनं कपाळाला हात लावला. "बाबाजी! प्याले किसने भरे?"

"मैनेच भराया."

"यहाँ पूरा भरा प्याला देने का अर्थ है, पी लीजिए और जाइए. थोड़ा-थोड़ा देते हैं, ताकि बार-बार उठकर आपकी सेवा कर सकें. जितना कम, उतना आदर."

मी त्या पेल्यांकडं पाहिलं. दीडशे माणसांना बसायच्या आधीच मी निघा म्हणून सांगून बसलो होतो! आणि परवाचे बोबो डोळ्यांपुढं आले. गुडघ्यावर हात टेकत पुन्हा पुन्हा उठणारे, दोन घोट ओतून पुन्हा बसणारे. अरे, हा तर आग्रह! हेच तर मी जन्मभर केलं. थोडं वाढायचं, पुन्हा यायचं, पुन्हा वाढायचं, नको म्हणाला तरी अजून अर्धा डाव. माझ्यासारखाच माणूस होता तो, आणि मी त्याला चिक्कू समजून बसलो.

"टेबलं तिथंच ठेवा!" मी एवढ्या जोरानं ओरडलो की साहेबच थबकले.

मी बादली मागवली. पहिल्या ओळीच्या पहिल्या पेल्यापासून चहा बादलीत ओतत निघालो. रुस्तम आका दुसऱ्या ओळीला लागला, मृणाल तिसऱ्या. सगळे पेले रिकामे. मग मी किटली घेतली, बोबोंच्या जागेपाशी खाली वाकलो आणि त्यांच्या पेल्यात दोन घोट ओतले. तेवढेच. उठून त्यांच्यासमोर उभा राहिलो, छातीवर हात ठेवला, जसा त्यांनी ठेवला होता तसा.

बोबोंनी पेल्यात पाहिलं. माझ्याकडं पाहिलं. दाढीतल्या दाढीत हसले आणि मांडी घालून बसले.

आणि मग पाऊस उतरावा तशी सगळी पंगत खाली उतरली. एकसाथ. पोरांनी तर बसायची शर्यत लावली.

वाढलं. आधी भाकरी, सरळ तोंडाची. मग आमटी, तिखट जरा बेतानं. मग रुस्तम आकाचा पुलाव, थर न मोडता. मी सांगून ठेवलं होतं, थोडं वाढा आणि पुन्हा पुन्हा जा. ते त्यांना सांगायची गरजच नव्हती. सगळ्यांच्या ताटात पडेस्तोवर कुणी हात लावला नाही, कारण बोबोंनी लावला नव्हता. तिथं वडीलधाऱ्यानं पहिला घास घ्यायचा हा कायदाच आहे. आमच्या दोघांचे कायदे एकमेकांना कधी भेटले नव्हते एवढंच. वकिलातीचे साहेब पॅन्ट सावरत शेवटच्या ओळीत बसलेले मी पाहिले. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं.

शेवटी एक बोळक्या तोंडाचे आजोबा राहिले. भाकरी आमटीत कुस्करून, चिमटीनं, अगदी सावकाश खात होते. सगळ्यांचं झालेलं. कुणाचा तरी फोन वाजला. त्यानं बंद केला, उठला नाही. एक पोरगं चुळबुळलं, आईनं मांडीवर दाबलं. आजोबांना कळलं की सगळे थांबलेत. त्यांनी मान वर केली, सगळ्यांकडं पाहिलं आणि अजून थोडी आमटी मागितली.

मी स्वतः गेलो वाढायला. असं जेवण मी आयुष्यात वाढलं नव्हतं. त्यांनी वाटी पुसून खाल्ली, बोबोंनी दुवा मागून दोन्ही हात चेहऱ्यावरून फिरवले, सगळ्यांनी फिरवले, मीही फिरवले. मग पंगत उठली. एकसाथ बसली तशी एकसाथ.

साहेब माझ्यापाशी येऊन म्हणाले, "तात्या, दुसऱ्या हप्त्याची काळजी करू नका. मी आजच कळवतो." मृणाल रडत होती आणि हसतही होती. मी तिला म्हणालो, "बाई, आधी त्या बादलीतला चहा कुठं टाकायचा ते बघ."

निघायच्या दिवशी बोबोंनी पुन्हा घरी बोलावलं. दोन घोट, पुन्हा दोन घोट. किती वेळा उठले ते मोजलं नाही. शेवटी मीच किटली घेतली आणि त्यांना बसवून ठेवलं. जाताना त्यांनी माझी पांढरी टोपी काढून आपली काळी, पांढऱ्या नक्षीची चौकोनी टोपी माझ्या डोक्यावर ठेवली. माझी टोपी तिथं खुंटीला आहे. रुस्तम आकाला मी उरलेला सगळा येसर दिला. त्यानं मला आपला झारा दिला आणि म्हणाला, "येताना दुसरा आणतो."

करमाडला परत

मी गावात उतरलो तो ती चौकोनी टोपी घालूनच. रंगनाथ चावडीवर होता. मृणालनं मोबाइल त्याच्या हातात दिला. त्यानं आधी चष्मा पुसला, मग सगळं पाहिलं. बोबो बसतात ते दोनदा पाहिलं. बोळक्या तोंडाच्या आजोबांपाशी आला तेव्हा हसला आणि म्हणाला, "ह्यो तर तुझा बाप दिसतोय, तात्या."

"रुस्तम येतोय दिवाळीनंतर. पंगत तुझ्या लॉनवर."

"अजून लई वेळ हाय त्याला."

"व्हय," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडताच मी कुदळ आणि फावडं घेऊन रंगनाथच्या लॉनवर गेलो. जिथं बुफेचं मोठं टेबल लागतं, बरोबर तिथं, त्या हिरव्यागार गवतात दोरी धरली आणि खणायला सुरुवात केली. रंगनाथ बनियनवर पळत आला. "आरं तात्या! आजच? दिवाळी तर होऊ दे!"

"चर मुरावा लागतो," मी म्हणालो.

त्यानं गवताचं एक ढेकूळ पायानं बाजूला सारलं. मग घरात ओरडून चहा सांगितला. चहा आला, नेहमीसारखा, बशीत सांडेस्तोवर भरलेला. मी दोन घोट प्यालो, बाकीचा त्याच्या कपात ओतून दिला आणि म्हणालो, "रंग्या, असाच थोडा थोडा देत राहा. मी संध्याकाळपर्यंत इथंच हाय."

आणि पुन्हा कुदळ उचलली.